फळ्यावरचं चटणीचं प्रमाण

आमच्या गावच्या दूध डेअरीत भिंतीवर एक फळा आहे आणि त्याच्यावर रोज सकाळी जे लिहिलेलं असतं ते मी लिहितो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पंचक्रोशीत जे चुकीचं ज्ञान फिरतंय, त्यातलं निम्मं माझ्या नावावर खपवलं जातं आणि उरलेलं निम्मं खरोखरच माझं असतं.

आमचं गाव कराडच्या बाजूचं. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी परत आलो तेव्हा त्या फळ्यावर एकच ओळ होती: 'दुधात पाणी घालू नये.' ती किती वर्षं तिथं होती कुणास ठाऊक. लोक तिच्याकडे बघत बघत दूध घालत होते, आणि काहीजण घरून पाणीही घालून आणत होते. मला पहाटे चारला जाग येते. उसाला पाणी पाजायचं काम धाकट्या भावाकडे, म्हशीची धार बायकोकडे. मला कुणी काही सांगत नव्हतं आणि मी काही करायला गेलो की "तुमी बसा" म्हणत होते. पेन्शन घेऊन नुसतं बसणं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळत नाही. आठवडाभर बसलो आणि आठव्या दिवशी खडूचा डबा घेऊन डेअरीत गेलो.

फळ्याचे चार कोपरे केले. एकात इतिहास, एकात कारागिरी, एकात पाककृती आणि चौथ्यात नवल. रोज नवा मजकूर. साडेपाचला लिहून तयार, म्हणजे किटल्या घेऊन रांगेत उभे राहणाऱ्यांना फॅट लागेपर्यंत वाचायला काहीतरी असावं. माझी कल्पना अशी होती की गाव ज्ञानी होईल. गावाची कल्पना अशी झाली की सकाळच्या करमणुकीची सोय झाली.

रांगेत सगळ्यांत पुढे असायचे आमचे शेजारी, पिंजारी चाचा. बापजाद्यांपासून गाद्या-रजया भरणारं घर, आणि दोन म्हशी. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा ते घरी ठेवून येतात. त्यामुळे शेजारचा माणूस फळा मोठ्यानं वाचून दाखवणार आणि चाचा त्यावर निकाल देणार, असं ठरूनच गेलं. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग वळून एका दिशेनं जातात, हे मी नवलाच्या कोपऱ्यात लिहिलं, तर चाचा म्हणाले, "नद्याच त्या, जाणारच की. दोन जावा अशा समोरासमोर येऊन एका वाटंनं गेल्या तर लिवा गड्या, मग त्याला नवल म्हणू."

कारागिरीत मी लिहिलं की आटपाडीकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. त्यावर चाचांनी मला घरी नेऊन, कापूस पिंजण्यात किती प्रकारच्या चुका होतात ते दीड तास समजावलं. ते सगळं मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं नाही, म्हणून चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सांगलीजवळ हळद जमिनीतल्या पेवात साठवतात आणि ती खूप दिवस टिकते, हे लिहिलं त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं परड्यात खड्डा खणायला घेतला. त्याची सून कुदळ घेऊनच माझ्या दारात आली. तिथली माती वेगळी, आपल्या काळ्या मातीत पेव धरत नाही, हेही लिहायला हवं होतं, हे मला कुदळ बघितल्यावर सुचलं. एकूण लोक मला नावं ठेवत होते, पण वाचत होते. "हवालदारसाब, आमच्या दुधापेक्षा तुमच्या फळ्यालाच फॅट जास्त लागतीया," असं कुणीतरी म्हणालं. मी ते मान म्हणून घेतलं.

इतिहासाला जुनी कात्रणं होती, नवलाला फोन होता. अडचण पाककृतीची. मला येत होती ती पलटणीच्या लंगरातली डाळ. ती पहिल्याच आठवड्यात लिहून टाकली: तूरडाळ पंधरा किलो, कांदा पाच किलो. चाची, म्हणजे चाचांच्या बायको, कुंपणावरून म्हणाल्या, "भावजी, डाळ घागरीत शिजवू का हौदात?" मग दुसऱ्या दिवशी 'कालचे प्रमाण शंभर जवानांचे आहे' अशी दुरुस्ती लिहावी लागली. तेव्हापासून मी बायकोला विचारून लिहायला लागलो. ती सांगायची, पण तिच्या सांगण्यात मापच नसायचं. मीठ किती? "लागंल तेवढं." पाणी? "दिसतंय की भांड्यात." हुलग्याचं माडगं किती वेळ शिजवायचं? "वास येईस्तवर." मी पलटणीत रसद मोजण्यात आयुष्य काढलेला माणूस. वास किती वाजता येतो, ते फळ्यावर कसं लिहिणार?

असं दोन-तीन वर्षं चाललं आणि पुन्हा मिरचीचे दिवस आले. आमच्याकडे वर्षाची चटणी एकदाच कांडतात. बाहेरचे लोक तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, आम्ही नुसती चटणी म्हणतो आणि ती संपली तर घर संपलं असं समजतो. मिरच्या वाळवायच्या, देठ काढायचे, लोणंदच्या बाजारचा कांदा चिरून उन्हात घालायचा, खोबरं-तीळ-धने भाजायचे आणि सगळं घेऊन डंकावर कांडून आणायचं. चार-पाच दिवस गल्लीत कुणी शिंकल्याशिवाय बोलत नाही.

ह्या वर्षी मी डेअरीतला लहान काटा मागून आणला आणि अंगणात तिच्यासमोर मांडला. ती मूठ भरून टाकणार त्याच्या आधी मी म्हणायचो, "थांब." ती मूठ धरून थांबायची, मी वजन करायचो, वहीत लिहायचो. मुठीमागून मूठ. ब्याडगी इतकी, लवंगी इतकी, धने इतके. लसूणसुद्धा मी सोलल्यावर पुन्हा मोजला. ती हसत होती.

"येवढं कशापायी? पोरीला धाडायचं हाय व्हय?" तिनं विचारलं. आमची मुलगी पुण्याला असते.

"हां, तेच," मी म्हणालो. त्या वेळी तेच मनात होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण चौथ्या दिवशी पहाटे पाककृतीचा कोपरा रिकामा होता, खडू हातात होता आणि वही खिशात होती.

मी सगळं प्रमाण उतरवलं. ग्रॅमपर्यंत. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वर्षाच्या चटणीचे अचूक प्रमाण', आणि खाली नेहमीसारखं माझं नाव.

त्या दिवशी फळ्यासमोर जी गर्दी झाली ती डेअरी सुरू झाल्यापासून झाली नसेल. एरवी दूध घालायला पुरुषच यायचे, त्या दिवशी बाया बघायला आल्या. फोन निघाले, फोटो निघाले. नऊ वाजेपर्यंत तो फोटो शेजारच्या दोन गावांत पोहोचला आणि दुपारी पुण्याहून मुलीनंच मला पाठवला. आयुष्यात मी कवायतीशिवाय कशात पहिला आलो नव्हतो. छाती काढून घरी गेलो आणि बायकोला सांगितलं.

ती अंगणात सूप घेऊन उरलेले धने पाखडत होती. तिनं फोटो बघितला. बराच वेळ बघितला.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

भांडली असती तर मला कळलं असतं. मला भांडणाचा अनुभव आहे. पण ती भांडली नाही. चहा वेळेवर, भाकरी गरम, सगळं जागच्या जागी. फक्त एक फरक झाला, आणि तो माझ्या लक्षात यायला तीन दिवस लागले. दुपारी जेवणं झाली की ती अंगण झाडायची, पोत्यावर जुनं लुगडं अंथरायची आणि पायरीवर बसायची. चार-साडेचारला लुगडं झटकून घडी घालायची आणि उठायची. मी पहिल्या दिवशी म्हटलं, हवा खात असेल. दुसऱ्या दिवशीही हवाच खात होती. तिसऱ्या दिवशी चाची त्यांच्या मिरच्यांचं गाठोडं घेऊन आमच्या दारावरून गेल्या. थांबल्या नाहीत, सरळ डंकाच्या वाटेला लागल्या. बायकोनं त्यांना हाक मारली नाही. गाठोडं कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दर वर्षी ह्या दिवसांत आमच्या अंगणात बायकांची रांग असायची. मिरच्या वाळल्या की त्या आधी हिच्याकडे आणायच्या. ही एक मिरची उचलायची, कानाशी नेऊन हलवायची, मोडायची, वास घ्यायची, एक बी जिभेच्या टोकावर ठेवायची आणि मग सांगायची: हिला खोबरं जास्त घाल, हिला अजून एक ऊन दे, ही लवंगी दुकानदारानं गळ्यात मारली तुझ्या. त्यानंतरच गाठोडं डंकावर जायचं. मी निवृत्त झाल्यापासून हे दर वर्षी बघत होतो आणि दर वर्षी एवढंच मनात यायचं की ह्या बायकांमुळं मला दुपारी झोप मिळत नाही.

आता झोपेला कसलीच अडचण नव्हती. मी तिच्याजवळ पायरीवर जाऊन बसलो.

"उद्या दुरुस्ती लिहितो," मी म्हणालो. "प्रमाण चुकलं होतं म्हणून."

"खोटं लिवू नगासा."

"मग काय करू?"

"चुकलं म्हणून लिवलं तर माझ्या चटणीला लोक नावं ठिवतील. ते बरोबरच हाय. आपल्या मिरचीचं हाय ते." मग माझ्याकडे न बघता बोलली, "तुमी पलटणीत हुता तवा ह्या घरात मला कोण इचारत हुतं? सासूबाईंच्या हाताखाली दिस काढलं. चटणीच्या आठ दिसांत तेवढं माणसं माझ्या दारात यायची. सासूबाईबी गप बसायच्या तवा. आवं, बाया काय माप न्यायला येत हुत्या व्हय? मिरची दावायची, बसायचं, चार घरचं बोलायचं. कुणाची पोरगी नांदत न्हाई, कुणाचं काय. ते सगळं तुमी काट्यावर घातलंसा."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. वरिष्ठांच्या शिव्या मी सावधानमध्ये उभा राहून पचवल्या आहेत, पण ह्या बाईनं आवाजही चढवला नव्हता आणि मला मान वर करता येईना. मी म्हणालो, "चुकलं माझं."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलंच."

मला वाटलं होतं की कबूल केल्यावर ती 'जाऊ दे' म्हणेल. ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळा लिहून आलो. पाककृतीचा कोपरा रिकामाच ठेवला होता, काही लिहायचं धाडस झालं नाही. किटली उचलायला गेलो तर ती पदर खोचून उभी. "आज दूध मी घालते. तुमी ऱ्हावा," म्हणाली. आमच्या घरचं दूध घालायला ती कधीच गेलेली नव्हती. तिला जाऊन अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. पलटणीत शिकवलेलं आहे की हुकूम मिळाला की जागेवर राहायचं. मी पाऊण तास राहिलो आणि मग निघालो.

डेअरीसमोर परत गर्दी. ती रांगेत शेवटी उभी होती, किटली खाली ठेवून, दुसरीकडेच बघत. चाचा पुढे होते आणि त्यांच्या शेजारचा माणूस मोठ्यानं वाचत होता. पाककृतीच्या कोपऱ्यात माझ्या अक्षराशेजारी वेगळं अक्षर होतं. गोल, ठसठशीत, ओळीला घट्ट धरून चाललेलं, शाळेतल्या फळ्यावर असतं तसं. दोनच ओळी होत्या.

'त्या दिवशीचे प्रमाण आमच्या मिरचीचे आहे. तुमची मिरची घेऊन या.'

चाचांनी नेहमीसारखा निकाल दिला नाही. ते मागं वळले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वैनी, आमच्या घरात बोंब झालीया. काल कांडून आणली, तोंडात घालवंना. मी रात्री दहीभात खाल्ला."

रांगेत हशा पिकला. तीही हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि खरं सांगतो, मला तिथंच नाचावंसं वाटलं.

दुपारी पहिल्या आल्या चाची, डब्यात कांडलेली चटणी घेऊन. मान खाली. "वैनी, फळ्यावर लिवलं हुतं म्हणून म्हटलं तुमचंच हाय, तुमाला कशाला तरास," असं काहीतरी पुटपुटल्या. हिनं चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"तुझी मिरची थंडीच्या गोदामातली हुती. आमची औंदाची, चार उनं खाल्लेली. हिला तेवढी लवंगी सोसत न्हाई. कांदा आन खोबरं वाढीव, तीळ घाल मूठभर, एकदा फिरवून आण." मग डबा चाचींच्या हातात देत म्हणाली, "आन काल माझ्या दारावरनं मुकाट गेलीस त्येचं काय?"

चाची रडल्या आणि हसल्या, दोन्ही. मग दोघी जणी बराच वेळ बोलत बसल्या. काय ते मला ऐकू दिलं नाही. तोवर आणखी बाया आल्या, गाठोडी सुटली, लुगड्यावर मिरच्यांचे लाल ढीग पडले. मला वाटलं, आपण इथून निघून गेलेलं बरं. उठलो, तर हिनं हाक मारली.

"कुठं निघालासा? काटा आणा. वही आणा. लिवून घ्या एकेकीचं."

मी बसलो. ती मिरची कानाशी न्यायची, मोडायची, सांगायची आणि मी चिठ्ठी लिहायचो. दिवे लागेपर्यंत चौदा चिठ्ठ्या झाल्या. त्यातल्या कोणत्याही दोन सारख्या नव्हत्या, आणि माझ्या अचूक प्रमाणाशी तर एकही जुळत नव्हती. एका चिठ्ठीत मी 'धने' ऐवजी 'धणे' लिहिलं म्हणून एका बाईनं मला टोकलं, आणि बायको म्हणाली, "जाऊ दे गं, हवालदार हाय त्यो, मास्तर न्हवं." सगळ्या हसल्या. मीही हसलो, कारण दुसरा मार्ग नव्हता.

बाया गेल्यावर ती लुगड्याची घडी घालत होती. मी मिरचीनं लाल झालेले हात धूत होतो. सकाळपासून मनात होतं ते विचारलं.

"तुझं अक्षर इतकं चांगलं आहे, मला माहीतच नव्हतं."

"सातवीपतुर फळा मीच लिवायची शाळंत."

"मग मला पलटणीत कधी एक पत्र का लिहिलं नाहीस?"

तेव्हा घरून महिन्याला एक पत्र यायचं. अक्षर वडिलांचं, खाली सही वडिलांची. वडील माझे मुलखाचे अबोल. मी समोर असताना दिवसात दोन वाक्यं बोलले तर खूप. पण पत्रात ते वेगळेच माणूस असायचे. परसातल्या शेवग्याला पहिल्यांदा फुलं आली, पोरीनं भिंतीवरच्या तुझ्या फोटोला भाकरीचा घास लावला, म्हैस तू गेल्यापासून उजव्या बाजूनं जवळ येऊ देत नाही. बर्फात बंकरमध्ये बसून मी ती पत्रं पाठ होईपर्यंत वाचली आहेत. बरोबरच्या जवानांना वाचून दाखवली आहेत. बापानं तोंडावर कधी माया दाखवली नाही, पण कागदावर किती दाखवतो, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं आहे.

"सासरा असताना सुनेनं नवऱ्याला पत्र लिवायची रीत हुती व्हय तवा?" ती म्हणाली. "मामंजी लिवायचे. त्यास्नी काय सुचायचं न्हाई, कागद घेऊन बसायचे निस्ते. मग मी चुलीपासनं सांगायची, आन ते उतरवून घ्यायचे."

"सगळं?"

"सही तेवढी त्यांची." ती घडी उचलून आत गेली.

मी त्यातल्या एकूण एक पत्राला उत्तर पाठवलं होतं. न चुकता, आठवड्याच्या आत. प्रत्येक उत्तराच्या वर मी लिहिलेलं असायचं: तीर्थरूप बाबांस.